बोकडाऐवजी कोहळा: सोलापुरातील एका पूजासाहित्याच्या दुकानाचे परीक्षण

मधल्या मारुतीच्या परिसरात पूजासाहित्याची दुकाने पुष्कळ आहेत आणि त्यांतील बहुतेकांत एकाच ठोक व्यापाऱ्याकडून आलेला एकाच प्रकारचा माल एकाच भावाने मिळतो. या परीक्षणाचा विषय असलेले दुकान त्या गर्दीतच, परंतु थोडे आत, एका अरुंद बोळात आहे आणि त्याचे वेगळेपण एवढेच, की बळीच्या विधीसाठी लागणारे सर्व साहित्य येथे मिळते, मात्र त्यात प्राणी कोठेही नसतो. कोहळा, कणकेचा बोकड, उडदाच्या पिठाचा कोंबडा, क्षेत्रपाल (म्हणजे वास्तूची राखणदार देवता) बळीचे साहित्य, उताऱ्याचा दहीभात बांधून नेण्यासाठी पळसाच्या पत्रावळी, आणि हे सर्व एकत्र हवे असेल तर ‘बळीविधी संच’ या नावाचा एक खोका. साहित्य उत्तम, विक्रेता जाणकार आणि भाव रास्त, असे या दुकानाबद्दल माझे मत आहे. संचाच्या खोक्यावर छापलेल्या मजकुराबद्दल मात्र माझे मत अगदी वेगळे आहे आणि त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

आमच्या चुलत्यांचा अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलचा कारखाना आहे. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाल्यावर दारात बोकड कापण्याची घरची रीत होती. पुढच्या पिढीने ती थांबवावयाचे ठरवले, तेव्हा विरोध आला तो आत्यांकडून, आणि त्यांचा प्रश्न भाबडा नव्हता. “बोकड नको तर नको, पण मग देवीला काय दिलं म्हणायचं? काहीच न देता दिल्यासारखं दाखवायचं का?” असे त्यांचे म्हणणे होते. बळीच्या पर्यायाविषयी मी पुढे जे जे वाचले आणि ऐकले, त्यात याहून नेमका प्रश्न मला क्वचितच आढळला. दुकानाची ओळख झाली ती या निमित्ताने.

प्रथम कोहळ्याविषयी, कारण या दुकानाची खरी पारख तेथे होते. विधीचा कोहळा भाजीबाजारातही मिळतो, परंतु तेथे तो फोडींच्या हिशेबाने येतो. देठ तुटलेला असतो आणि वरची पांढरी भुकटी हाताळणीने पुसली गेलेली असते. येथे कोहळे गवताच्या चुंबळीवर एकेक सुटे मांडलेले असतात, प्रत्येकाला दोन बोटे देठ राखलेला असतो आणि अंगावरची राखेसारखी साय शाबूत असते. दुकानाचे मालक, ज्यांना सगळे गिऱ्हाईक अण्णा म्हणते, कोहळा देण्यापूर्वी देठाच्या बुडाशी अंगठा दाबून पाहतात. तेथे किंचित जरी मऊ लागले तरी ते फळ बाजूला ठेवतात, कारण कोहळा सडू लागतो तो देठापासून. देठ घट्ट आणि साय शाबूत असेल तर फळ कित्येक आठवडे टिकते, म्हणून नवरात्राचा कोहळा पितृपक्षातच घेऊन ठेवावा, असा त्यांचा सल्ला असतो. सणाच्या तोंडावर भाव चढतात हे सांगून ते स्वतःच्याच धंद्याचे नुकसान करून घेतात, हे त्यांच्या लक्षात येत नसेल असे नाही.

कोहळ्याबरोबर कुंकवाची पुडी न देता ते हळद आणि कळीच्या चुन्याची पुडी वेगवेगळी देतात. कोहळ्याच्या वरच्या बाजूला चौकोनी टवका काढावयाचा, आतला थोडा गर कोरून त्यात हळदीचे पाणी ओतावयाचे आणि शेवटी चुन्याची निवळी सोडावयाची. हळदीतील रंगद्रव्य क्षारधर्मी पदार्थाशी मिळताच लाल होते. आपले जुने कुंकूही हळदीवर अशीच प्रक्रिया करून तयार होत असे. पिवळे पाणी डोळ्यांदेखत तांबडे होत जाते. आत्या ते वाकून पाहत होत्या आणि बाजारी कुंकवाचे पाणी ओतण्यापेक्षा हे त्यांना अधिक पटले, असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले. बाजारी कुंकवातील रंगाचा डाग फरशीवरून महिनोन्महिने निघत नाही, हळदचुन्याचा धुतला जातो, हा व्यवहारी फायदा वेगळाच.

येथील दुसरी मुख्य वस्तू म्हणजे कणकेचा बोकड. वीतभर लांबीचा, वाळवलेला, शिंगे मागे वळलेली, डोळ्यांच्या जागी दोन काळे उडीद. मान आणि धड यांच्या मध्ये करंगळीएवढी खाच ठेवलेली असते, म्हणजे सुरीचा हलका आघातही पुरतो. हे काम दुकानदाराच्या घरातील स्त्रिया करतात आणि ते सुबक आहे. वाळवणात मात्र सारखेपणा नाही. आम्हांला मिळालेल्या बोकडाचे पोट आतून ओलसर राहिले होते आणि त्याला बुरशीचा वास येऊ लागला होता. पावसाळ्यात घेतलेला माल उन्हात एकदा दाखवूनच वापरावा.

पिठाचा पशू हा काही आजच्या काळाने शोधलेला सोयीचा मार्ग नव्हे. शतपथ ब्राह्मणात सांगितले आहे, की यज्ञाला योग्य असे सत्त्व प्रथम पुरुषात होते, तेथून ते घोड्यात, मग गाईत, मेंढ्यात आणि बोकडात गेले आणि शेवटी भूमीत शिरून तांदूळ व जव यांच्या रूपाने सापडले. म्हणून या धान्याच्या पुरोडाशात, म्हणजे यज्ञात अर्पण करावयाच्या भाजलेल्या पोळीत, सर्व पशूंचे बळ आहे. तेथेच पुढे पुरोडाशाचे अंगप्रत्यंग दाखवले आहे: कोरडे पीठ म्हणजे केस, पाणी घातले म्हणजे त्वचा, मळले म्हणजे मांस, भाजले म्हणजे हाड. ज्या कालिकापुराणात रक्तबळीला एक संपूर्ण अध्याय वाहिलेला आहे, त्याच पुराणात कोहळा, ऊस आणि मद्य यांनी देवीची बोकडाइतकीच तृप्ती होते, असेही म्हटले आहे. तेराव्या शतकातील मध्वाचार्यांच्या परंपरेने यज्ञात पिष्टपशूच मान्य केला. तिबेटी बौद्धांच्या विधींत सातूचे पीठ आणि लोणी यांच्या तांबड्या रंगवलेल्या आकृती अर्पण होतात. बळी जितका जुना, जवळजवळ तितकाच त्याचा पर्यायही जुना आहे, आणि आत्यांना अण्णांनी दिलेले उत्तर नेमके याच अंगाने गेले: “अक्का, हे कमी प्रतीचं नाही ओ. बोकड नव्हता तेव्हाही हेच चालायचं आणि होता तेव्हाही हेच चालायचं.”

याला एक अत्यंत कडक आक्षेपही आहे आणि तो सोलापुरात राहणाऱ्या माणसाने तरी विसरू नये. जैन आचार्य सोमदेवसूरींच्या यशस्तिलक या इसवी सन 959 मधील संस्कृत ग्रंथात उज्जयिनीच्या यशोधर राजाची कथा आहे. आई चंद्रमती त्याला देवीपुढे पशुबळी द्यावयास सांगते, राजाचे मन धजत नाही आणि तडजोड म्हणून तो पिठाचा कोंबडा करून कापतो. पुढे राणीने विष घातल्यामुळे राजा आणि त्याची आई दोघे मरतात आणि पिठाच्या कोंबड्याच्या पापाने मोर, कुत्रा अशा योनींतून जन्मोजन्म फिरत राहतात. जैन विचारात याला संकल्पी हिंसा म्हणतात: रक्त सांडले नाही तरी मारण्याचा संकल्प झाला आणि पाप संकल्पातच आहे. आसामचे विद्वान कृष्णकांत हंदिकी यांचा यशस्तिलकावरील इंग्रजी अभ्यासग्रंथ 1949 मध्ये प्रसिद्ध झाला तो याच शहरातून, जैन संस्कृती संरक्षक संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेत. पिठाच्या कोंबड्यावरील सर्वांत गंभीर टीकेचा अभ्यास ज्या गावात छापला गेला, त्याच गावात त्या कोंबड्याची दुकानातून विक्री व्हावी, ही मौजेची गोष्ट आहे.

हा आक्षेप मला अर्धा पटतो. शत्रूचे वाईट व्हावे म्हणून बाहुली टोचणारा माणूस आणि घरची रीत रक्ताविना पार पडावी म्हणून कणकेचा बोकड कापणारी आत्या यांचा संकल्प एक नाही, आणि संकल्पच मोजावयाचा असेल तर तो पुरता मोजला पाहिजे. परंतु याच न्यायाने दुकानदाराचीही एक जबाबदारी ठरते: वस्तूबरोबर कोणता संकल्प विकला जातो, याकडे त्याने पाहिले पाहिजे. खोक्यावरील मजकुराबद्दलची माझी तक्रार येथूनच सुरू होते.

तत्पूर्वी गिऱ्हाइकांविषयी थोडे. टॉवेल-चादरीचे कारखानदार, वास्तुशांतीसाठी क्षेत्रपाल बळीचे साहित्य नेणारे, अमावास्येला दुकानावरून कोहळा ओवाळणारे व्यापारी हे नेहमीचेच. अलीकडे त्यांत महाविद्यालयीन मुलामुलींची भर पडली आहे. एका फळीवर टॅरोचे पत्ते, स्फटिकाचे खडे, काळ्या मेणबत्त्या आणि सेज नावाच्या विलायती पानांच्या जुड्या त्यांच्यासाठीच ठेवलेल्या आहेत. मी गेलो होतो तेव्हा एक मुलगी मोबाइलवरील यादी पाहून विचारत होती, “काका, यात रक्त लिहिलंय, त्याच्याऐवजी काय चालेल?” अण्णांनी क्षणभरही न थांबता डाळिंबाचा रस सांगितला. डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र ज्या शहरात आहे, तेथे याहून सोपा पर्याय कोणता असणार! गमतीचा भाग सोडला, तरी उत्तर चुकीचे नव्हते. पाश्चात्त्य देशांतील आजचे जादूटोणा-साधकही रक्ताच्या जागी डाळिंबाचा रस किंवा तांबडी वाइन वापरतात.

या नव्या मंडळींचा समज बहुधा असा असतो, की विलायती जादूविद्या म्हटली की बळी आलाच. वस्तुस्थिती दोन टोकांची आहे. जेराल्ड गार्डनर यांनी इंग्लंडमध्ये 1951 साली चेटूकविरोधी जुना कायदा रद्द झाल्यानंतर जो विक्का पंथ उघडपणे मांडला, त्याच्या अनुयायांत कोणालाही इजा न करण्याचा नियम मूलभूत मानला जातो आणि त्यांच्या विधीत भाकरी-केक आणि मद्य अर्पण होते, प्राणी नव्हे. त्याच्या आधीचे इंग्रज गूढविद्या-साधक अ‍ॅलिस्टर क्रोली (1875–1947) यांची मांडणी याच्या उलट होती: प्राणी हा शक्तीचा साठा असून मरणाच्या क्षणी ती शक्ती मोकळी होते आणि साधकाने ती विधीकडे वळवावी. मला ही उपपत्ती देवाला काही देऊन बदल्यात काही मागण्याच्या जुन्या कल्पनेपेक्षाही कोरडी वाटते. आपल्याकडील बोकडाला निदान देवीचा पाहुणा म्हणून हळदकुंकू लावतात, पाणी शिंपडून तो अंग झाडतो का याची वाट पाहतात. क्रोलींच्या हिशेबात तो केवळ इंधन आहे.

पशुबळीचे दोन प्रकार लोक सर्रास एकत्र करतात, त्यामुळे चर्चा भरकटते. तुळजापूरला नवरात्राच्या अखेरीस होमकुंडावर होणारा अजाबळी, गावोगावच्या यात्रांतील नवसाचे बोकड, आमच्या कारखान्यातील खंडेनवमी या पहिल्या प्रकारात प्राण्याचे मांस शिजते आणि भावकीसह गाव जेवते. विधी जेवणात संपतो. दुसरा प्रकार उताऱ्याचा. रोग, दृष्ट किंवा बाधा प्राण्यावर उतरवावयाची आणि तो प्राणी घराबाहेर काढावयाचा. त्याचे मांस कोणी खात नाही, कारण पीडा त्याच्यात गेलेली असते. क्यूबाहून अमेरिकेत गेलेल्या सान्तेरिया पंथातही नेमका असाच भेद आहे: देवतांना अर्पण केलेले कोंबडे-बकरे शिजवून खाल्ले जातात, शुद्धीसाठी मारलेले मात्र खाल्ले जात नाहीत. फ्लोरिडातील हायलिया शहराने 1987 मध्ये या पंथाचे बळी रोखण्यासाठी जे नियम केले, ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये एकमताने रद्द ठरवले. धर्मासाठी मारणे तेवढे गुन्हा आणि इतर कारणांसाठी मारणे मोकळे, असा भेद शहराला करता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

पहिल्या प्रकाराला पर्याय देणे सोपे आहे, कारण त्यात खरी गरज जेवणाची असते आणि पुरणपोळीवरही भावकी जेवते (कुरकुर होते, पण जेवते). दुसऱ्या प्रकारातच आज फसवणूक अधिक आहे आणि प्राण्यांचे हालही अधिक आहेत. आजाऱ्यावरून उतरवलेला जिवंत कोंबडा पाय बांधून तिकाटण्यावर सोडतात आणि पहाटेपूर्वी कुत्री त्याचा फडशा पाडतात. बऱ्याच ठिकाणी असा कोंबडा आगाऊ पैसे देऊन मागवता येतो. या दुकानात एका गिऱ्हाइकाने तो मागितला, तेव्हाचे उत्तर मी ऐकले आहे: “जिवंत कोंबडा आम्ही देत नाही, मालक. दहीभात घ्या, अंडं घ्या, लिंबू घ्या. कोंबड्याला कुत्र्याच्या तोंडी देऊन तुमच्या पोराचा ताप उतरत असता तर सिव्हिलमध्ये डॉक्टर कशाला ठेवले असते?” गिऱ्हाईक रागावून निघून गेले. नकाराने विक्री बुडते हे ठाऊक असूनही नकार देणारा विक्रेता मला या व्यवसायात दुसरा भेटलेला नाही.

अशा दुकानाची आणखी एक कसोटी आहे आणि ती मी प्रत्येक ठिकाणी लावतो. हत्ताजोडी मागून पाहावी. हात जोडल्यासारखी दिसणारी दुर्मीळ वनस्पतीची मुळी म्हणून जी वस्तू चांदीच्या डबीत शेंदूर भरून हजारो रुपयांना विकली जाते, ती मुळी नसून घोरपडीच्या नराचे वाळवलेले जननेंद्रिय असते. घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि तिचा कोणताही अवयव बाळगणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. कोल्ह्याचे शिंग म्हणून विकली जाणारी सियारसिंगी, मांडूळ, खवल्या मांजराची खवले आणि दिवाळीच्या अमावास्येच्या सुमारास चोरून विकली जाणारी घुबडे हा याच बाजाराचा भाग आहे. लक्ष्मीचे वाहन मारून लक्ष्मी घरात कशी येणार, हा साधा प्रश्नही घेणाऱ्याला पडत नाही. बळीचा मुद्दा निघाला की आपण यात्रेतील बोकडावर बोलतो. परंतु आजच्या जादूटोण्याच्या बाजारात ज्या जिवांवर खरी संक्रांत आली आहे, ते रानातले आहेत आणि ते समाजमाध्यमांवरील जाहिरातींतून, कुरियरने, नावे बदलून विकले जातात. या दुकानात हत्ताजोडी नव्हती, सियारसिंगी नव्हती आणि विचारल्यावर “आतून आणून देतो” असेही कोणी म्हटले नाही. या कसोटीला दुकान पूर्ण उतरले.

आता खोका. बळीविधी संच साडेचारशे रुपयांना मिळतो. त्यात कणकेचा बोकड, हळद-चुन्याच्या पुड्या, पाच लिंबे, उडीद, गुलाल, कणकेचे दोन दिवे, पत्रावळ, नारळ आणि एक पुस्तिका असते. कोहळा वजनावर वेगळा घ्यावा लागतो. ऐवजाच्या मानाने किंमत योग्य आहे, सुटे घेतले तर फार तर पन्नास-साठ रुपये वाचतील. खोका आणि पुस्तिका बाहेरगावच्या एका ठोक विक्रेत्याकडून छापून येतात. खोक्यावर लाल अक्षरांत लिहिले आहे: “21 दिवसांत खात्रीशीर फळ. करणी, शत्रुपीडा, संततीबाधा व असाध्य रोगांवर रामबाण तांत्रिक उपाय.”

हा मजकूर केवळ अतिशयोक्त नाही, तो धोक्याचा आहे. विशिष्ट रोग जादूई उपायाने बरे होतात, अशी जाहिरात करणे 1954 च्या औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने गुन्हा आहे. दुसरा कायदा महाराष्ट्राचा स्वतःचा. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. या कायद्याच्या अनुसूचीत नवसाच्या पशुबळीची स्वतंत्र नोंद नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या केंद्रीय कायद्यातही 28 व्या कलमाने धर्माला आवश्यक अशा रीतीने प्राणी मारण्याला सूट दिलेली आहे. शेजारच्या कर्नाटकात 1959 पासून पशुबळीला प्रतिबंध करणारा स्वतंत्र कायदा आहे, म्हणजे एकच नवस सोलापूरकडून विजापूरकडे जाताना सीमेवर कायद्याच्या दृष्टीने बदलतो. मात्र करणीची भीती घालणे आणि दैवी शक्तीच्या नावाने लुबाडणे यांच्यावर आपल्या कायद्याचा थेट रोख आहे. विचित्र स्थिती अशी झाली आहे, की ज्याने बोकड कापला तो कदाचित कायद्यात सापडणार नाही, पण ज्याने कणकेचा बोकड “शत्रुपीडेवर खात्रीशीर” म्हणून विकला तो सापडू शकेल. आणि मला यात काही अन्याय्य वाटत नाही.

अण्णांना मी हे सांगितले. त्यांचे उत्तर, “छापून वरूनच येतं, मालक, आम्ही फक्त ठेवतो,” असे होते. हे उत्तर पुरेसे नाही. जो माणूस जिवंत कोंबड्याला नाही म्हणू शकतो, त्याला एका छापील ओळीवर चिकटपट्टी लावणे अशक्य नाही. दुकानाची स्वतःची किंमत-चिठ्ठी तो त्या खोक्यावर लावतोच; ती दोन इंच वर लावली तरी काम भागेल. या तक्रारीला आणखी एक कारण आहे. आमच्याच नात्यातील एकाला समाजमाध्यमावरून भेटलेल्या एका तांत्रिकाने स्मशानात बोकडाचा बळी देऊन त्याची चित्रफीत पाठवण्याचे पाच आकडी पैसे सांगितले होते, आणि त्याची सुरुवात झाली होती ती अशाच “खात्रीशीर” शब्दाने, एका स्वस्त लिंबाच्या उताऱ्यापासून. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच. स्वस्त, निरुपद्रवी, रक्तहीन विधी भीतीच्या भाषेत विकला की तो महाग आणि रक्ताळलेल्या विधीची पहिली पायरी होतो.

पुस्तिकेबद्दल थोडक्यात सांगता येईल: ती वापरू नये. संस्कृत मंत्रांत जागोजाग अशुद्धे आहेत, क्षेत्रपाल बळीचा क्रम उलटसुलट झाला आहे आणि फोडलेला कोहळा रस्त्याच्या मध्यभागी टाकण्याची सूचना आहे, जी अत्यंत बेजबाबदार आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या बुळबुळीत फोडींवरून दुचाक्या घसरतात आणि सफाई कर्मचाऱ्यांना त्या हाताने उचलाव्या लागतात. अण्णा तोंडी जी पद्धत सांगतात ती कितीतरी चांगली आहे: कोहळा उंबरठ्याच्या आत, गोणपाटावर फोडावा, लाल पाणी गोणपाटात जिरू द्यावे आणि फोडी झाडाच्या बुंध्याशी पुराव्यात. क्षेत्रपालाचा भातही प्लास्टिकच्या ताटलीत न देता पत्रावळीतच न्यावा, यासाठी ते आग्रही असतात.

खरे तर ही तोंडी माहिती हाच या दुकानातील सर्वांत मोलाचा ऐवज आहे. आत्यांचा प्रश्न अखेर सुटला तोही त्यातूनच. अण्णांनी त्यांना सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर यांच्या गड्ड्याच्या यात्रेची आठवण करून दिली: सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी विवाह झालेल्या कुंभारकन्येचे सती जाणे आपण दर वर्षी संक्रांतीला होम मैदानावर पाहतो, ते बाजरीच्या पेंढीला शालू नेसवून. पेंढी जळते, आणि त्या विधीत काही कमी पडले असे सोलापुरात आजवर कोणी म्हटलेले नाही. त्याच रात्री भाकणुकीसाठी वासरू आणतात, त्यालाही कोणी इजा करत नाही. त्याच्या वागण्यावरून केवळ वर्षाचे भाकीत करतात. आत्यांनी त्यावर वाद घातला नाही. कोहळा त्यांनी स्वतः निवडला, अण्णांच्या अंगठ्यावर विश्वास न ठेवता देठ स्वतः दाबून पाहिला आणि मधल्या आकाराचा घेतला.

जाणाऱ्यांसाठी उपयोगाच्या काही बाबी. बोळात वाहन नेता येत नाही. अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी तेथे उभे राहावयासही जागा नसते, त्यामुळे सविस्तर विचारायचे असेल तर आडदिवशी, दुपारी जावे. संचाऐवजी सुटे साहित्य मागावे, म्हणजे खोकाही येत नाही आणि पुस्तिकाही येत नाही; कणकेचा बोकड मात्र उलटा करून पोटाशी वाळला आहे का ते पाहूनच घ्यावा. मोबाइलवरून पैसे घेतात, पावती मागितल्याशिवाय देत नाहीत. कोहळा फोडल्यावर आतून सडका निघाला तर दुसरा मिळतो, त्यासाठी सडकी फोड दाखवावयास न्यावी लागत नाही. आमच्या शेजारच्या कारखानदारांचा तसा निघाला होता आणि त्यांना तो हुज्जत न घालता बदलून मिळाला.